बाथरूममध्ये गॅस गिझर बसवू का?
ऐरोलीतल्या सिडकोच्या घरात, वीतभर खिडकीच्या बाथरूममध्ये गॅस गिझर चालेल का, असं विचारलंत. कृपा करून नका बसवू. कोंदट जागेत ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. सिलिंडरच्या गॅसचा वास मुद्दाम मिसळलेला असतो, त्याच्या भरवशावर राहू नका. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला (ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या घटकाला) ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. डोकं ठणकतं, गरगरतं, मग कडी काढायचंही त्राण उरत नाही. गिझर उघड्या बाल्कनीत लावा, पाणी पाइपने आत घ्या. आधीच आत असेल तर दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मगच आंघोळ. ज्योत पिवळी दिसली तर त्याच दिवशी मेकॅनिक बोलवा.