दुसऱ्यांची दुःखं ऐकायचं काम करणाऱ्याने स्वतः थेरपी घ्यावी का? लहानपणी घरात बसलेल्या घावांवर तिचा उपयोग होतो का?

तुम्ही रत्नागिरी जिल्ह्यात महिला समुपदेशन केंद्रात आहात. घरी आल्यावर कुणाशी बोलावंसं वाटत नाही आणि वडिलांच्या धाकात गेलेलं लहानपण हल्ली समोरच्या बाईच्या तोंडून ऐकू येतं, असं तुम्ही लिहिलंय. थेरपी घ्यावी का, कोणती, किती दिवस, आणि घेतली तर "हिलाच गरज आहे, ही काय दुसऱ्यांना सांगणार" असं लोक म्हणतील का, हे तुमचे प्रश्न. मी लिहायला बसले ती या शेवटच्या प्रश्नामुळे. तो मला माझ्याच घरात विचारला गेलाय.

घ्या. लोक म्हणतीलच, तरी घ्या.

मी सिंधुदुर्गात सरकारी रुग्णालयात सिस्टर आहे. आधी प्रसूती कक्ष, मग जनरल वॉर्ड, आता इन्चार्ज. माझे वडील मुंबईला गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, तेव्हा मी तिसरीत होते. मनिऑर्डर यायची थांबली. वडील तिकडेच मिळेल ते काम करत राहिले आणि इकडे आईने शेती, गुरं, सासू आणि आम्ही पोरं एकटीने ओढली. तिने आमच्यावर कधी हात उगारला नाही. ती अबोला धरायची. काहीतरी बिनसलं की कित्येक दिवस माझ्याशी एक शब्द नाही. ताट वाढून पुढे सरकवायची, पण माझ्याकडे बघायची नाही. कशासाठी, तेही सांगायची नाही. मग मी पाणी भरायची, शेण काढायची, धाकट्याला निजवायची आणि मधून मधून तिच्या तोंडाकडे बघायची. एखाद्या दिवशी ती अचानक "चाय घेतंस?" म्हणायची आणि विषय संपायचा. झालं काय होतं, यावर नंतर कुणी बोलायचं नाही.

चेहरा वाचायला मी त्या घरात शिकले आणि त्याच जोरावर नोकरी केली. बाळंतिणीला कसंतरी होतंय हे बीपीचा पट्टा बांधायच्या आधी मला कळतं. डॉक्टरांचा मूड ते व्हरांड्यात असतानाच कळतो. लोक म्हणायचे, सिस्टर म्हणजे देवमाणूस. तुमच्याबद्दलही म्हणत असतील. अशा घरांतल्या मुली आमच्या पेशात किती आहेत, ते मी वर्षानुवर्षं बघतेय.

मे 2021 मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, तौक्ते चक्रीवादळ आलं. गावोगावी दिवसचे दिवस वीज नव्हती. वॉर्डात नातेवाइकांना सोडत नव्हते, म्हणून आम्ही पेशंटच्या कानाला फोन धरून उभ्या राहायचो. ते सगळं मी केलं आणि तेव्हा मला काहीही झालं नाही. झालं ते पुढच्या वर्षी. एक म्हातारी औषध घेईना. भिंतीकडे तोंड करून गप्प पडून राहिली. मला असा संताप आला, की ट्रे खाली ठेवून बाहेर जावं लागलं, हात थरथरत होते. त्यानंतर राग यायचाही थांबला. एक बाळ दगावलं, मी रजिस्टर भरलं, हात धुतले आणि डबा खाल्ला. भूकही नेहमीसारखी लागली होती. त्या रात्री मी घाबरले.

क्रिस्टीना मास्लाक आणि सुझन जॅक्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1981 मध्ये कामाने आलेला हा थकवा, म्हणजे बर्नआउट, मोजायची प्रश्नावली केली. तिच्यात तीन गोष्टी मोजतात: भावना आटणं, माणसं वस्तूंसारखी वाटू लागणं, आणि आपल्या हातून काही साध्य होत नाही असं वाटणं. माझा डबा म्हणजे दुसरी गोष्ट. दुसऱ्यांचे आघात रोज ऐकून ऐकणाऱ्याचाच जगावरचा विश्वास हलतो, हे मॅककॅन आणि पर्लमन या मानसशास्त्रज्ञांनी 1990 मध्ये मांडलं. तुम्हाला प्रशिक्षणात सांगितलंच असेल. पण म्हातारीच्या पाठीकडे बघून माझे हात का थरथरले, ते या दोन्हींत बसत नाही. ते जुनं होतं. तुमचंही तसंच दिसतंय. नुसती रजा काढून ते जात नाही, मी काढून बघितलीय.

मी कोल्हापूरच्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंकडे जाऊ लागले, गगनबावड्यावरून एसटीने. पावसात घाट बंद झाला की व्हिडिओ कॉल, तोही मांगरात, शेतावरच्या खोपटात, बसून, कारण रेंज तिथेच आणि घरातलं कुणी तिथे येत नाही. एकदा मी आईबद्दल सांगत होते आणि बाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत, नजर दुसरीकडे. माझ्या पोटात गोळा आला. वाटलं, हिनेही अबोला धरला. पुढच्या वेळी ड्युटी आहे असं कळवून टाळलं. त्यानंतर गेले ती कोकमाचं आगळ आणि काजू घेऊन. बाईंनी पिशवी बाजूला ठेवली आणि विचारलं, "मागच्या वेळी माझ्याकडून काही दुखलं का तुम्हाला?" मी नाही म्हटलं. त्या थांबून राहिल्या. शेवटी मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी माझं लक्ष उडालं होतं. ते माझ्यामुळे, तुम्ही काही केल्यामुळे नाही."

इतकंच. पण "तुम्ही काही केल्यामुळे नाही" हे वाक्य पन्नाशीला टेकेपर्यंत मला कुणी म्हटलं नव्हतं. घरी येईपर्यंत एसटीत रडत होते.

नंतर त्यांनी एड ट्रॉनिक या मानसशास्त्रज्ञांचा 1978 चा प्रयोग सांगितला. आई बाळासमोर बसते, पण काही मिनिटं चेहरा दगडासारखा ठेवते. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, आणि शेवटी तोंड फिरवतं. ट्रॉनिक यांचं पुढचं म्हणणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. चांगल्या आयांचेही सूर बाळाशी बराच वेळ जुळलेले नसतात. बाळ सावरतं ते तुटलेलं पुन्हा जोडलं जातं म्हणून. आमच्या घरात अबोला सुटायचा, पण जोडत कुणी नव्हतं.

आता दादा. मुंबईला असतो. त्याला कळलं तेव्हा म्हणाला, "आवशीन किती सोसल्यान ता तुका ठावक आसा?" आणि वर, पैसे देऊन बोलायला परका माणूस कशाला, घरची माणसं मेली काय? हा वाद अजून चालू आहे, म्हणून इथे स्पष्ट लिहिते. आईने सोसलं, ते मी डोळ्यांनी बघितलंय, त्याच्यापेक्षा जास्त, कारण तो काकांकडे मुंबईला शिकायला गेला होता. तिचं सोसणं खरं आणि माझं झालेलं नुकसानही खरं. एकाने दुसरं पुसलं जात नाही. थेरपीत मला आईचा राग करायला कुणी शिकवलं नाही. उलट हल्ली मी तिच्या शेजारी निवांत बसू शकते. आणि घरच्या माणसांचं म्हणाल, तर जिथे बोलायचीच बंदी होती तिथेच जाऊन बोल, हा कसला सल्ला? माणसाच्या हातून झालेली ही जखम, ती भरायलाही माणूस लागतं, आणि ते माणूस असं हवं, जे रुसून निघून जाणार नाही.

म्हणून कोणती थेरपी, याला मी कमी महत्त्व देते. विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलणारी सीबीटी, डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आघाताच्या आठवणींवर काम करणारी ईएमडीआर, सगळ्यांचे उपयोग आहेत. पण 2018 मध्ये 295 अभ्यास एकत्र करून पाहिलं, तेव्हाही थेरपिस्टशी जुळलेलं नातं आणि आलेला गुण यांचा संबंध सगळ्या पद्धतींत दिसला. तुम्ही दुखावलात हे तोंडावर सांगता येईल असं माणूस निवडा. आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नोंदणी क्रमांक विचारा. हल्ली चार दिवसांचा कोर्स करूनही पाट्या लागतात.

किती दिवस, याचं उत्तर महिन्यांत नाही, वर्षांत धरा. आघातातून सावरण्याचे, मानसोपचारतज्ज्ञ जुडिथ हर्मन यांनी 1992 मध्ये सांगितलेले टप्पे असे: आधी सुरक्षितता, मग आठवणं आणि शोक, मग माणसांत परतणं. पहिल्याच भेटीत वडिलांचं सगळं उकरायला लावणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका.

हे मी पेशंटच्या खुर्चीतून लिहितेय, मी थेरपिस्ट नाही. झोप, भूक पार गेली असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा, गोळ्यांना घाबरू नका. जीव नकोसा वाटत असेल तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि आत्ता 14416 ला, टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा. तिथे मराठीत बोलतात. आणि वडील अजून घरात असतील, धाक अजून चालू असेल, तर आधी राहण्याची सोय बघा.

राहिलं केंद्र. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-11 मध्ये, बर्नआउट हा आजार म्हणून नाही, कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून नोंदलाय. तेव्हा थेरपी तुमची तुम्ही घ्या, पण केसेसची संख्या कमी करणं आणि महिन्यातून एकदा वरिष्ठ समुपदेशकाने तुमच्या केसेस ऐकणं हे केंद्राचं काम आहे. ते लेखी मागा आणि पोच घ्या. तोंडी मागितलं की "बघू" म्हणतात.