डी-९ चिलखती बुलडोझरचे १/३५ मापाचे प्लॅस्टिक मॉडेलचे किट प्रथमच बांधत आहे. गोंद कोणता वापरावा, कोकणातल्या पावसाळ्यात रंग कसा द्यावा आणि ब्लेडवर गंज कसा दाखवावा?

ब्लेडवर गंज दाखवू नये. आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत आणि मी शेवटचीच आधी उचलली, याबद्दल क्षमस्व. परंतु या गंजावरून माझा आणि माझ्या मावसभावाचा गेली सात वर्षे वाद चालू आहे आणि आपला प्रश्न वाचून मला राहवले नाही.

आपण किट उघडून बसला आहात, तेव्हा डी-९आर म्हणजे कॅटरपिलर कंपनीचा भारी डोझर, वगैरे सांगत बसत नाही. मी बांधलेले किटही मेंग कंपनीचे, इस्रायली सैन्यातल्या ‘दूबी’चेच होते. (हिब्रूत दूबी म्हणजे लहान मुलांचे कापडी अस्वल. चिलखतासह साठेक टन भरणाऱ्या यंत्राला हे नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी लागते.) मी रत्नागिरी तालुक्यात राहतो. माझे वडील, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, डोझरचे ऑपरेटर होते. कोकण रेल्वेचे काम निघाले तेव्हा ते एका कंत्राटदाराकडे हेल्पर म्हणून लागले, वर्षभरात ऑपरेटर झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्ग खुला होईपर्यंत जांभ्याच्या आणि काळ्या कातळाच्या कटिंगमध्येच राबले. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांचा जेवणाचा डबा घेऊन मी साइटवर जात असे आणि डोझर थांबला की गार होणाऱ्या इंजिनाची टिकटिक ऐकत सावलीला बसत असे. चाळिशीत मी प्लॅस्टिकचा डोझर बांधायला घेतला, तो त्यामुळेच.

बांधणी जून महिन्यात संपली आणि रंगाची वेळ नेमकी मृगानंतर आली. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांतच पडतो, हे आपल्याला सांगायला नको. पडवीत बसून मारलेला पहिला हात वाळताना पांढुरका पडला. लॅकर जातीच्या रंगातले थिनर झपाट्याने उडते, पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते, एवढेच त्यामागचे कारण आहे. मी मात्र दोन दिवस रंगाच्या बाटलीला दोष देत होतो. शेवटी मॉडेल पिशवीत घालून वाडीतल्या गणपतीच्या शाळेत गेलो. तिथे रंगाची गन होती, कॉम्प्रेसर होता आणि ओल्या हवेत रंगकाम करण्याचा तीस वर्षांचा अनुभव असलेले मूर्तिकार काका होते. दिवसभर मूर्तींचे काम आटोपल्यावर, रात्री नऊनंतर, मला गन मिळत असे. पहिल्याच रात्री गनमधून रंगाबरोबर पाण्याचे थेंब उडाले. काकांनी मुकाट्याने कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ सोडला, तेव्हा वाटीभर पाणी निघाले. पावसाळ्यात तो नळ रोज सोडायचा असतो आणि पाइपच्या मध्ये पाणी अडवणारी वाटी बसवायची असते, हे मला त्या रात्री कळले. मूर्ती सुकवण्यासाठी लावलेल्या हॅलोजनपाशी मी मॉडेल ठेवले, तेव्हा सकाळपर्यंत केबिनवर चढण्याचा कठडा मेणबत्तीसारखा वाकला होता. प्लॅस्टिक आणि शाडू यांना एकच ऊब मानवत नाही. साधा साठ वॅटचा दिवा, झाकणाचे खोके आणि मध्ये हातभर अंतर एवढे पुरते. हाताच्या तळव्याला चटका बसेल तिथे मॉडेलही ठेवू नये.

त्यानंतर रंग चांगला बसला. सिनाई ग्रे म्हणून जो वाळूकडे झुकणारा करडा रंग मिळतो, तो आधी गडद आणि मग पत्र्यांच्या मध्यभागी थोडा उजळ असा दिला. काचांना आतून पातळ हिरवट झाक दिली, कारण गोळी अडवणारी जाड काच कडेने पाहिली की हिरवी दिसते. ब्लेड मी चकचकीत ठेवले होते. हे कोणी शिकवले नव्हते. लहानपणी पाहिलेले ब्लेड तसेच होते.

दिवाळीनंतर पुण्यात हौशी लोकांचे एक लहानसे प्रदर्शन होते. माझा हा मावसभाऊ, म्हणजे दादा, पुण्यातच राहतो आणि गेली वीस वर्षे रणगाडे बांधतो. त्याचा हात माझ्यापेक्षा कितीतरी बरा आहे, हे मान्य करतो. त्याने माझा डोझर हातात घेतला, फिरवून पाहिला आणि चारचौघांत म्हणाला, “बाकी ठीक आहे, पण ब्लेड म्हणजे बोहारणीकडून घेतलेलं नवं पातेलं दिसतंय. लोखंड आहे ते, त्याला गंज नको?” लोक हसले. मी दुसऱ्याच आठवड्यात गंजाच्या रंगांचा संच मागवला आणि स्पंजाने, ब्रशने, मिठाच्या युक्तीने ब्लेडवर, रिपरवर (म्हणजे मागच्या जमीन फोडणाऱ्या नांगरावर) आणि चेनवर तीन छटांचा गंज चढवला. फोटो पाठवला. दादाचा अंगठा आला. मला फार बरे वाटले होते, हे आज लिहिताना लाज वाटते.

मॉडेल घरी टेबलावर होते. अण्णा तेव्हा सत्तरीच्या पुढे होते आणि मोतिबिंदूचे ऑपरेशन नुकतेच झाले होते, त्यामुळे सगळ्या वस्तू नव्याने पाहण्याचा त्यांना छंद लागला होता. त्यांनी भिंग घेऊन पुढून, मागून, खालून पाहिले आणि विचारले, “हे मशीन बंद आहे काय रे? किती वर्षं उभं आहे?”

मी म्हणालो, “बंद नाही अण्णा, कामावरचं आहे.”

“मग ब्लेडला गंज कसा?”

त्यानंतर तासभर त्यांनी मला जे समजावले, ते आजवर मी पाहिलेल्या कोणत्याही रंगकामाच्या धड्यात नव्हते. ब्लेडच्या तळाशी बोल्टने बसवलेली कटिंग एज असते. ती दिवसभर जमिनीत घासते, म्हणून तिची कड चांदीसारखी असते. तिच्यावरच्या बाकदार पत्र्यावर माती नुसती ढकलली जात नाही, ती खालून वर गुंडाळत चढते आणि पुढे कोसळते, म्हणून ब्लेडचा खालचा आणि मधला भाग घासून गुळगुळीत होतो, त्यावर उभ्या रेघा उमटतात. मात्र माती क्वचितच पोहोचते अशा वरच्या पट्टीला रंग शाबूत राहतो आणि त्यावर धूळ बसते. ब्लेडची पाठ तर वेगळीच गोष्ट आहे: तिथे काहीच घासत नाही, म्हणून तिथे रंगही असतो आणि आडव्या पट्ट्यांवर मातीचे ढेपळेही साचतात. चेनचे असेच. चेनप्लेटच्या बाहेरच्या उभ्या धारा जमिनीला लागतात, त्या चमकतात. आतल्या बाजूला ज्या रुळांवरून रोलर धावतात, ते रूळ आरशासारखे असतात. प्लेटच्या खोलगट भागात चिखल असतो. रिपरचे टोक शेवटची वीतभर चकाकते आणि वरचा दांडा मातकट राहतो. ब्लेड उचलणाऱ्या हायड्रॉलिकच्या रॉडवर मी हौसेने लालसर डाग दिले होते, त्यावर बोट ठेवून ते जवळजवळ रागावले. रॉडवर क्रोम असते. त्याला गंज लागला की सील फाटते, तेल गळते आणि मशीन उभे राहते. “रॉड असा दिसला असता तर सुपरवायझरने माझी हजेरी कापली असती,” असे ते म्हणाले.

मग त्यांनी दूबीच्या त्रिकोणी चेनचे वरचे चाक निरखले. त्यांनी आयुष्यभर चालवलेल्या डोझरांचे स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारे दातेरी चाक, खाली, मागच्या बाजूला, जमिनीलगत होते. कॅटरपिलरने १९७७ च्या सुमारास डी-१० पासून स्प्रॉकेट वर उचलले, जेणेकरून दगडाचे हादरे आणि चिखल थेट त्याच्यावर येऊ नयेत, हे मी सांगितल्यावर ते म्हणाले की मग वरच्या चाकाला एवढा चिखल कशाला फासला आहेस, चिखल खालच्या दोन चाकांशी असणार. त्यांनी हे यंत्र कधी पाहिलेही नव्हते. केबिनच्या चिंचोळ्या काचा पाहून मात्र त्यांनी वेगळाच प्रश्न केला: “यातून ऑपरेटरला ब्लेडचं टोक कसं दिसणार?” मी सांगितले की त्यात दोघे बसतात, एक चालवतो आणि दुसरा कमांडर असतो, सुरुंग आणि अडथळे काढायला, मोर्चे बांधायला आणि लोकांची घरे पाडायलाही हे यंत्र वापरतात. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “म्हणजे तरीही दिसत नसणार,” आणि भिंग खाली ठेवून चहाला गेले.

मी सगळा गंज उतरवला. ब्लेडवर गडद पोलादी रंग देऊन त्यावर शिसपेन्सिलीची पूड बोटाने चोळली. ६बी पेन्सिल सँडपेपरवर घासली की हवी तेवढी पूड मिळते आणि खऱ्या घासलेल्या लोखंडाची ती काळसर चमक दुसऱ्या कशाने येत नाही. रॉडसाठी मूर्तिकार काकांकडून रुपेरी बेगडीचा तुकडा आणला आणि गुंडाळून चिकटवला. त्याचा फोटो दादाला पाठवला, सोबत अण्णांचे म्हणणे सविस्तर लिहिले. त्याचे उत्तर आले: “काकांचा अनुभव मान्य, पण मॉडेल म्हणून गंज जास्त उठून दिसतो.” वादाचे मूळ इथेच आहे. दादाला मॉडेल उठून दिसायला हवे आहे आणि मला ते कामावरून नुकतेच परत आलेले दिसायला हवे आहे. माझे स्पष्ट मत असे की हल्लीची निम्मी मॉडेले भंगाराच्या अड्ड्यावरून उचलून आणल्यासारखी दिसतात, याचे कारण ती बांधणाऱ्यांनी दुसऱ्यांची मॉडेले पाहिलेली असतात, यंत्रे नव्हेत. आपल्याकडे मुंबई-गोवा महामार्गाचे काम इतकी वर्षे चालले आहे. एखाद्या रविवारी साइटवर जाऊन वॉचमनला विचारून उभ्या डोझरचे फोटो काढा. त्याइतका चांगला संदर्भ पुण्याच्या कोणत्याही प्रदर्शनात मिळणार नाही.

धुळीबद्दल एक सांगतो, कारण आपण लाल मातीचा मोह आवरू शकणार नाही. मीही आवरला नव्हता. अंगणातला जांभा कुटून, वस्त्रगाळ करून मी तो चेनवर लावला होता. त्यात दोन चुका होत्या. पहिली मापाची: १/३५ मापात अर्ध्या मिलिमीटरचा कण म्हणजे पावणेदोन सेंटिमीटरची खडी होते, आणि दोन मिलिमीटर जाड थर म्हणजे सात सेंटिमीटरचा चिखल होतो. तेव्हा वस्त्रगाळ पूडही पुन्हा खलात घोटावी लागते. दुसरी मातीची: नेगेवच्या बाजूची माती फिकट पिवळसर असते, आपल्यासारखी तांबडी नव्हे. तरीही तिकडच्या किनारपट्टीवर हम्रा नावाची तांबूस वालुकामय माती आहे, त्यामुळे लाल रंग अगदीच चूक आहे असे कोणी ठणकावून सांगितले तर त्याचेही ऐकू नका. मी शेवटी जांभ्याच्या पुडीत खडूची पूड मिसळून ती फिकी केली.

आता काही गोष्टी दादाच्या बाजूनेही लिहितो, नाहीतर अन्याय होईल. घासलेले उघडे लोखंड आमच्या हवेत एका रात्रीत तांबूस पडते. अण्णाही म्हणाले की पावसात रविवारची सुट्टी झाली की सोमवारी ब्लेड नारिंगी दिसे आणि पहिल्या दहा मिनिटांत पुन्हा पांढरे होई. म्हणून आपण डोझर तळावर उभा दाखवणार असाल तर अगदी पातळ, नारिंगी, एकसारखा हात चालेल. काळपट, खवल्यांचा गंज नाही. शिवाय अण्णांनी चालवलेली यंत्रे साधी पिवळी होती, चिलखती नव्हती, आणि चिलखताच्या पत्र्यांबद्दल त्यांचे मत मी विचारात घेतलेले नाही. एक्झॉस्टच्या नळीवर गंज हवाच. ती तापते आणि तिथला रंग जळून जातो.

आपला पहिला प्रश्न गोंदाचा होता. प्लॅस्टिकसाठी पातळ सिमेंट घ्या, दोन भाग आधी जुळवून धरा आणि ब्रशचे टोक फटीला लावा. ते आपोआप आत ओढले जाते आणि प्लॅस्टिक विरघळवून सांधते, त्याला पावसाळा बाधत नाही. पितळी जाळ्यांसाठी सुपरग्लू, तोही नखाच्या टोकाइतकाच. चेनच्या कड्या जोडताना मात्र पातळ सिमेंट वापरू नका, ते पिनेपर्यंत ओढले गेले की चेन कायमची ताठ होते. माझी डावी चेन तशीच आहे, आणि दादाच्या ते अजून लक्षात आलेले नाही.