घरच्या उपासनेबद्दल, करुणाला

प्रिय करुणा,

जय ख्रिस्त.

तू विचारलंस, की नगरला आजीकडे रोज रात्री कौटुंबिक उपासना व्हायची, तशी तुझ्या घरी कशी सुरू करायची? थोरली नऊ वर्षांची, धाकटा चारचा, दोघांचं मराठी मोडकंतोडकं आणि जावईबापूंना तर तेवढंही येत नाही. रविवारी चर्चमध्ये सगळं इंग्रजीत होतंच, मग घरी वेगळं कशाला, हाही तुझा प्रश्न.

वेगळं एवढ्यासाठी, की चर्चमध्ये मुलं बसलेली असतात आणि घरी त्यांना काम मिळतं. ज्या घरी पोरांना उपासनेत काम नसतं, तिथली पोरं चौदा-पंधराव्या वर्षी उठून जातात. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांच्यावाचून काही अडत नसतं एवढंच.

वेळ पंधरा मिनिटं. आजीकडे चाळीस व्हायची. तुझ्याकडे ती दोन आठवडेही टिकणार नाही. जेवण झाल्यावर, ताटं उचलायच्या आधी, त्याच टेबलाशी बसा. झोपायच्या वेळेवर ढकललीस तर धाकटा पेंगतो, थोरली गृहपाठाचं निमित्त काढते आणि रागवारागवी सुरू होते. क्रम असा: एक गीत, एक शास्त्रपाठ (बायबलमधला उतारा), त्यावर एकच प्रश्न, प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना सगळ्यांनी मिळून.

गीतावर जास्त लिहिते, कारण घोडं तिथेच अडतं. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकात दोन जातीची गीतं आहेत. काही पाश्चात्त्य चालींवर बेतलेली, काही आपल्या वृत्तांत आणि भजनाच्या चालींवर. सुरुवात भजनानेच कर. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी तीच उचलायची, म्हणजे वाचता न येणारं पोरही पहिल्या दिवशी गाऊ लागतं. ख्रिस्ताची गोष्ट मराठी छंदात सांगायची रीत आपल्याकडे जुनी आहे. इंग्रज जेसुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण गोव्यात 1616 साली छापलं गेलं, तेही ओवीत. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 मधला. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत, आणि त्यांच्या गीतांत ते ऐकू येतं.

मोठ्या अभंगाची मोजणी मुलांना टाळ्यांवर शिकव. पहिले तीन तुकडे सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा. थोरलीला बोटांवर मोजू दे. चौथा तुकडा आखूड म्हणून तिथे थांबायला जागा मिळते, आणि त्या जागेवर टाळ वाजवायचं काम धाकट्याचं. चार वर्षांच्या मुलाला याहून मोठी पदवी लागत नाही.

महिन्याला एकच गीत, रोज तेच. मुलांनी फक्त ध्रुपद म्हणायचं, अंतरे तू म्हण. कागदावर रोमन लिपीत उतरवून देऊ नकोस. त्यात त आणि ट, न आणि ण एक होतात, ळ चा तर ल च होतो, आणि एकदा जिभेवर बसलेलं चुकीचं गीत पुढे सुधारत नाही. कानानेच शिकव. पट्टी काळी दोनच्या आसपास धर, म्हणजे पेटीवरच्या दुसऱ्या काळ्या पट्टीवर ‘सा’. बापेमाणसं खालच्या सप्तकात म्हणतील. फार उंच पट्टी धरलीस तर वर गेल्यावर पोरं किंचाळतात आणि मग लाजून गप्प होतात. फोनवरची गाणी शनिवारी चाल बसवण्यापुरती लाव. उपासनेत फोन वाजला की सगळे श्रोते होतात.

शास्त्रपाठ मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू कर. उत्पत्तीपासून क्रमाने वाचायची हौस सगळ्यांनाच असते. ती लेवीयाच्या पुस्तकात यज्ञबलींच्या नियमांशी येऊन मरते. मत्तयाचा पहिला अध्याय वंशावळीने उघडतो, तोही पोरांसाठी नाही. मार्क सोळा अध्यायांचा, भराभर चालणारा. रोज सुमारे 17 वचनं वाचलीस तर चाळीस दिवसांत संपतो, म्हणजे रविवार सोडून मोजलेल्या लेंटच्या, ईस्टरआधीच्या उपवासाच्या, काळात बरोबर बसतो. एरवी आठ-दहा वचनं पुरेत. आधी जावईबापूंनी किंवा थोरलीने इंग्रजीत वाचावं, मग त्यातलं एकच वचन तू मराठीत वाच. सगळा उतारा दोनदा वाचलास तर दुसऱ्यांदा कुणी ऐकत नाही. जुन्या भाषांतरातलं ‘आम्हास’, ‘तुजला’ मुलांना जड जाईल असं वाटतं, पण एका वचनापुरतं ते गोडच लागतं. पंडिता रमाबाईंनी आपल्या मुक्ती मिशनमध्ये केलेलं बायबलचं भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर 1924 मध्ये पुरं छापून निघालं. साध्या बायाबापड्यांना कळावं हाच त्यांचा हेतू होता, तो तूही डोळ्यांसमोर ठेव.

वाचनानंतर ‘यातून काय शिकलीस?’ हे कधी विचारू नकोस. पोरं लगेच शाळेतलं उत्तर देतात: ‘चांगलं वागावं.’ त्यापेक्षा ‘यात तुला कोण आवडलं नाही?’ असं विचार. पक्षाघाती माणसासाठी छप्पर उसकटलं, तर ते घर कुणाचं होतं आणि दुरुस्ती कुणी केली, असं थोरली विचारेल. विचारू दे. उत्तर नसेल तर नाही म्हणून सांग.

प्रार्थनेत घरोघरी एकच खोड: देवाला सांगायच्या निमित्ताने पोराला सुनवायचं. ‘हे प्रभू, हिला अभ्यासात बुद्धी दे, मोठ्यांचं ऐकायला शिकव.’ हे दोनदा झालं की मूल डोळे मिटून दुसरीकडेच निघून जातं. प्रत्येकाने एका गोष्टीसाठी उपकार मानायचे आणि एक गोष्ट मागायची, बस. कुणाला बोलायचं नसेल तर ‘आमेन’ पुरे. मोठ्यांची प्रार्थना पंतप्रधानांपासून शेजारच्या मांजरापर्यंत जाते, तिला तूच आवर घाल.

प्रभूची प्रार्थना एकदम पाठ करून घेऊ नकोस. ‘आमची रोजची भाकर आज आम्हास दे’ हा तुकडा आधी घे, जेवणाआधी रोज म्हणायला लाव. आठवडाभराने त्याच्या आधीचा, मग नंतरचा. दोन महिन्यांत पुरी होते. ‘आमची ऋणे आम्हास सोड’ हा तुकडा सगळ्यांत अवघड. तिथे मुलं शब्द गिळतात, म्हणून तो सावकाश म्हण.

सणांमध्ये काम वाटायला उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) सोयीचा. वधस्तंभावरचे सात उद्गार लहान आहेत: लूकात तीन, योहानात तीन आणि ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ हा मत्तय-मार्कात. ‘मला तहान लागली आहे’ हा धाकट्याला दे, न चुकता म्हणेल. नाताळला करंज्या-शंकरपाळ्या करशीलच. फराळाचं पहिलं ताट घरात न ठेवता कुणाला तरी नेऊन द्यायचं काम थोरलीचं, आणि ते कुणाला द्यायचं हेही तिनेच ठरवायचं. वाढदिवसाला उपकारस्तुती कर. ज्याचा वाढदिवस त्याने गीत निवडायचं आणि दानाच्या पाकिटात स्वतःच्या खाऊच्या पैशातून काहीतरी घालायचं. तू भरलेलं पाकीट त्याच्या हातात दिलंस तर ते तुझंच दान झालं.

थोरली काही वर्षांनी म्हणेल, ‘माझा यावर विश्वास नाही.’ त्या दिवशी वाद घालू नकोस आणि तिचं कामही काढून घेऊ नकोस. पेटी तीच वाजवत असेल तर वाजवू दे, वाचन करत असेल तर करू दे. विश्वास नाही म्हणून टेबलावरून उठवलेलं मूल परत बसत नाही. आणि बरोबरीच्या भावंडांचं झालं म्हणून हिचंही दृढीकरण, म्हणजे आपला विश्वास मंडळीसमोर स्वतः कबूल करायचा विधी, उरकू नकोस. पाळकांशी तिलाच बोलू दे, तुझ्यामाघारी.

सुरुवात नाताळाआधीच्या आगमन काळाच्या पहिल्या रविवारी कर. चार रविवार, चार मेणबत्त्या, दर रविवारी एक जास्त पेटवायची. काडी ओढताना थोरलीजवळ जावईबापूंना उभं राहू दे. नाताळपर्यंत एवढी सवय लागते. मध्येच प्रवास, आजारपण, पाहुणे आले की खाडा पडेल. चुकलेल्या दिवसांचं वाचन एका बैठकीत भरून काढायला जाऊ नकोस. जिथे खूण असेल तिथून पुढे वाच.

तुझी,
आई

ता. क. पेटी घेणार असशील तर साडेतीन सप्तकांची, साधीच घे. कॉप्लर, म्हणजे एक पट्टी दाबली की दुसऱ्या सप्तकातलीही दाबली जायची सोय, नको. पट्ट्या जड होतात आणि थोरलीच्या बोटांना झेपत नाहीत.