काका रजेवर गेले की वाचनालय अडतं

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. सिंधुदुर्गातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात मी गेल्या वर्षी ग्रंथपाल म्हणून रुजू झाले. आम्ही चौघं आहोत : मी, सहायक ग्रंथपाल असलेले काका, देवघेवीला एक तरुण मुलगी आणि एक शिपाई. काकांना कपाटन् कपाट पाठ आहे, पण ते कुणाला काही सांगत नाहीत. मुलीला संगणक छान येतो, पण काका तिच्याकडे फिरकत नाहीत. काका रजेवर असले की वाचक रिकाम्या हाताने परत जातात. मी दर सोमवारी सभा सुरू केली, तर तिथे मी एकटीच बोलते. सगळ्यांनी एकमेकांकडून शिकावं यासाठी काय करू?

उत्तर : सोमवारची सभा आधी थांबवा. ग्रंथपालाच्या टेबलासमोर माणसं बसवली की ती ऐकून घेतात, बोलत नाहीत. त्याऐवजी वाचनालय उघडण्याआधी पंधरा मिनिटं कपाटापाशी उभं राहा आणि काकांना बोलू द्या. ही पंधरा मिनिटं कामाच्या वेळेत धरा, घरून लवकर बोलावू नका.

काका का सांगत नाहीत, याचा विचार केलात का? आपल्याकडे वाचनालयातला पगार अनुदानावर बेतलेला आणि तुटपुंजा. इतक्या वर्षांत त्यांनी कमावलं ते एवढंच, की पुस्तक कुठे आहे ते त्यांना माहीत आहे. तेही वहीत उतरवून घेतलं तर आपली गरज काय उरली, असं त्यांच्या मनात येत असणार. माझ्या नोकरीत अशी माणसं मी जवळून पाहिली आहेत. त्यांना ‘काका, आता संगणक शिका’ असं पहिल्याच दिवशी म्हणू नका. आधी त्यांना शिकवायला उभं करा.

आणि त्यांच्याकडे शिकवण्यासारखं खूप आहे. गणपतीला आलेला चाकरमानी विचारतो, आमच्या गावाची जुनी माहिती कुठे मिळेल? मुलगी संगणकावर ‘सिंधुदुर्ग’ टाकते आणि हाती फारसं काही लागत नाही. लागणार कसं? सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधी मालवण, कणकवली, वेंगुर्ला सगळं रत्नागिरीत. १८८० चं इंग्रजी गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याचा सरकारी माहितीग्रंथ, ‘रत्नागिरी आणि सावंतवाडी’ या नावाचं आहे, कारण सावंतवाडी तेव्हा वेगळं संस्थान होतं. काकांचे पाय न विचारता त्या कपाटाकडे वळतात. का वळतात, हे त्यांनी एकदा मोठ्याने सांगितलं की मुलीला जन्मभर पुरेल.

आता दुसरी बाजू. एखादी वाचक चिं. त्र्यं. खानोलकरांचं सगळं मागते. संगणक कादंबऱ्या आणि नाटकं दाखवतो, कविता दाखवत नाही, कारण त्या ‘आरती प्रभू’ या नावाने नोंदलेल्या आहेत. दोन्ही नावं एकाच माणसाची, हे वेंगुर्ल्याच्या बाजूला शाळकरी पोरही सांगेल. संगणकाला ते कुणीतरी सांगावं लागतं. काकांना नावं ठाऊक, मुलीला जोडणी ठाऊक. टोपणनावांचं हे काम दोघांवर मिळून सोपवा. काकांनी यादी सांगायची, तिने नोंदी जुळवायच्या. शेजारी बसून पडद्याकडे पाहता पाहता काका ‘हे इथे कसं आलं?’ असं स्वतःहून विचारतील. तिथून त्यांचं संगणकशिक्षण सुरू होईल. वर्ग लावून ते होत नाही.

देवघेवीच्या टेबलावर एक साधी वही ठेवा : आज कोणत्या वाचकाला काय देता आलं नाही. कुणाकडून राहिलं ते लिहायचं नाही, फक्त प्रश्न आणि तारीख. सकाळच्या पंधरा मिनिटांचा विषय हीच वही पुरवेल. ज्याला उत्तर माहीत असेल तो सांगेल, कुणालाच नसेल तर चौघांनी मिळून शोधायचं. तुम्हालाही येत नसेल तेव्हा तसं सरळ म्हणा. बाकीच्यांची जीभ त्यानेच सुटते. वाचकाचा वेळ वाचवा, हे डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र. रंगनाथन स्वतः मद्रासला गणित शिकवत होते, १९२४ मध्ये ग्रंथपाल झाले आणि मग लंडनला जाऊन हे काम शिकून आले. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, या पाचव्या सूत्रात त्यांनी पुस्तकं आणि वाचकांबरोबर सेवकवर्गही धरला आहे. आपल्या सभांमध्ये पुस्तकांची संख्या वाढल्याचं तेवढं सांगतात, हे मला फार खटकतं.

शिपायाबद्दल तुम्ही पत्रात एकच शब्द लिहिलात. वाचक कोणती पुस्तकं चाळून टेबलावर तशीच सोडतात, पावसात कोणती भिंत पाझरते, कसर कोणत्या कप्प्यात आधी लागते, हे त्याच्याइतकं कुणालाच दिसत नाही. ‘ता पुस्तक खिडकेकडच्या कपाटात आसा, पण थंय ओल येता,’ असं त्याने सांगितलं तर ते त्याच वहीत त्याच्या शब्दांत लिहा. त्यालाही खुर्ची द्या, आणि चहा पाळीपाळीने करा. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं तेव्हा किती तासांत काय होऊ शकतं ते साऱ्या कोकणाने पाहिलं. भिजलेल्या कागदावर दोनेक दिवसांत बुरशी धरते. पाणी चढू लागलं तर दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते ती) कोण उचलणार, दुर्मीळ ग्रंथ कोण वर नेणार, किल्ल्या कुणाकडे, हे मे महिन्यातच चौघांनी ठरवा आणि एकदा प्रत्यक्ष करून पाहा.

दर महिन्याला एक दिवस कामं बदला. मुलगी दाखल नोंदवहीवर, काका देवघेवीला, तुम्ही पुस्तकं जागेवर लावायला. पहिले काही महिने गोंधळ होईल. वाचकांना तसं सांगून ठेवा, ते समजून घेतात.

प्रश्न : याच पत्रात शेवटी विचारते, मुलीला ग्रंथालय प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्र वर्गाला पाठवायचं आहे. कार्यवाह म्हणतात, शिकून मुंबईला गेली तर खर्च फुकट.

उत्तर : जाऊ शकते. पगार पाहता तिला दोष देता येणार नाही. पण ती असेपर्यंत तरी वाचकांना शिकलेलं माणूस मिळेल. वर्गात शिकलेलं तिने दर आठवड्याला त्या पंधरा मिनिटांत बाकीच्यांना सांगायचं, अशी अट घाला. मग ती गेली तरी वर्गीकरण तिघांना येत असेल. कार्यकारी मंडळाच्या पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, ती वही सोबत न्या, आणि तिथे तिलाच बोलू द्या.