नातू बापाबरोबर शिकारीला निघाला आहे. आजीने काय बोलावे?

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात राहतो. नातू नुकताच १२ वर्षांचा झाला. तिथल्या एका सहकाऱ्यामुळे मुलाला शिकारीचा नाद लागला असून या हंगामात तो नातवालाही डोंगरात हरणाच्या शिकारीला नेणार आहे. नातू व्हिडिओ कॉलवर हरखून सांगतो, "आजी, शिंगं तुझ्यासाठी पुण्याला आणतो." आमच्याकडे रविवारी मटण असते, त्यामुळे मी शाकाहाराचा आव आणणार नाही, पण हाच मुलगा मागच्या सुट्टीत कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात चितळांसमोरून हलायला तयार नव्हता. मुलाला म्हटले तर तो म्हणतो, "आई, इथे हे कायदेशीर आहे, त्याचा हिरमोड करू नकोस." सूनबाई काहीच बोलत नाही. माझ्या यजमानांना त्यांचे वडील लहानपणी मुळशीकडच्या डोंगरात शिकारीला नेत असत आणि त्या काळच्या सांबराची शिंगे अजून आमच्या दिवाणखान्यात आहेत. पण तेही या विषयावर तोंड उघडत नाहीत. मीही गप्प बसावे का?
– एक आजी, सदाशिव पेठ

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

गप्प बसू नका. मात्र नातवाशी बोलण्याआधी मुलाशी बोला, आणि तेही एकदाच, नातू आसपास नसताना बोला. हरीण मारावे की मारू नये हा वाद पुण्यात बसून फोनवर तुम्ही जिंकण्याची शक्यता कमी आहे, आणि जिंकलात तरी बाप आणि आजी यांच्यामध्ये त्या पोराची ओढाताण होईल.

आधी तिथली रीत समजून घेऊ, कारण शिकार म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर रात्रीची जीप, डोळे दिपवणारा झोत आणि मागाहून पडलेली वनखात्याची धाड एवढेच येते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला आळा घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना काढून शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद केली. कोलोरॅडोत मात्र हा हंगाम ठरवून, सरकारी देखरेखीखाली चालणारा व्यवहार आहे. हरणासारख्या मोठ्या जनावराच्या शिकारीचा परवाना तिथे १२ वर्षांखालील मुलाला मिळत नाही. त्यासाठी सुरक्षिततेचा अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र लागते. हरणाचे परवाने बहुतांशी सोडतीने दिले जातात. आणि १६ वर्षांखालील मुलाबरोबर प्रौढ मार्गदर्शक असावाच लागतो, तोही इतक्या जवळ की दोघांना एकमेकांना कोणत्याही उपकरणाशिवाय पाहता आणि ऐकता यावे. रायफलच्या हंगामात अंगात आणि डोक्यावर भडक नारिंगी किंवा गुलाबी रंग सक्तीचा आहे. मारलेल्या जनावराचे खाण्याजोगे मांस डोंगरात टाकून नुसती शिंगे घेऊन उतरणे हा तिथे गुन्हा ठरतो. तेव्हा तुमचा मुलगा काही भलतेसलते करीत नाही, एवढे त्याच्या पदरात घालायला हवे.

परंतु "कायदेशीर आहे" हे उत्तर तुमच्या प्रश्नाला पुरत नाही, आणि मला वाटते, हे त्यालाही ठाऊक असावे. कायदा १२ वर्षांच्या मुलाला परवानगी देतो. या विशिष्ट मुलाला ते झेपेल की नाही, हे कायदा कुठून सांगणार? ते बापाने पाहायचे असते. तुम्ही मटणाचा उल्लेख प्रांजळपणे केलात, ते बरे झाले, कारण फरक तिथेच आहे. आपण खाटकाच्या दुकानातून अर्धा किलो पिशवीत घालून आणतो आणि बोकडाशी आपला संबंध तेवढाच उरतो. डोंगरात नेम लागला तरी हरीण जागच्या जागी पडेलच असे नाही. ते झुडपांत नाहीसे होते आणि मग थोडे थांबून, पानावर, दगडावर, बर्फावर पडलेले थेंब बघत त्याचा माग काढावा लागतो. सापडल्यावर मांस नासू नये म्हणून पोट तिथल्या तिथे फाडून कोथळा बाहेर काढावा लागतो. थंडीत त्या उघड्या पोटातून वाफ येते, हात कोपरापर्यंत भरतात आणि वास कपड्यांना चिकटून राहतो. पुढे मांसाचे वाटे करून ते पाठीवरून खाली आणायचे असतात. नातवाच्या बोलण्यात शिंगे आहेत. या मधल्या दोन-तीन तासांचा मागमूस नाही. बापाने त्याला हे सांगितले आहे का, हे तुम्ही विचारू शकता, आणि विचारलेच पाहिजे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न दुसराच आहे. १२ वर्षांच्या मुलाला हरणापेक्षा बाप हवा असतो. एरवी ऑफिस, मीटिंग आणि मोबाइल यांत बुडालेला बाप सलग काही दिवस फक्त आपला असणार, पहाटे आपल्याबरोबर चालणार, आपल्याशी कुजबुजत बोलणार, याचा आनंद त्याच्या उत्साहात बराच असणार. (हा आनंद खोटा नाही, तो मोडू नका.) पण म्हणूनच ऐन वेळी, समोर हरीण उभे असताना, त्याला चाप ओढावासा वाटला नाही, तर बापाचा विरस होईल या धाकाने तो ओढेल अशी भीती मला वाटते, आणि तुमच्या मनातली कालवाकालव बहुधा हीच आहे. मुलाला स्पष्ट विचारा : "त्याने तिथे नाही म्हटले तर तू काय करशील?" "तो नाही म्हणणारच नाही" हे उत्तर चालवून घेऊ नका. निघण्यापूर्वी मुलाने त्याला शब्दांत सांगायला हवे की नेम न धरताच परत आलो तरी आपली सहल फुकट गेली असे मी समजणार नाही, आणि मित्रांत त्यावरून थट्टाही करणार नाही.

त्याच बैठकीत दोन रोकडे प्रश्न विचारून घ्या. घरात रायफल कुलपात असते का, आणि किल्ली कोणाकडे असते? कोलोरॅडोत २०२१ पासून, घरात मूल असेल तर शस्त्र सुरक्षित ठेवणे मालकावर बंधनकारक आहे, त्यामुळे हा प्रश्न आगाऊपणाचा नाही. दुसरे, मांस खाण्याआधी तपासून घेणार का? तिथल्या हरणांत मेंदू पोखरणारा, प्राण्याला खंगवत नेणारा एक रोग १९६७ पासून आढळतो. तो माणसाला झाल्याचे उदाहरण नाही, तरी बाधित जनावराचे मांस खाऊ नये असाच आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे आणि तपासणीची सोय तिथे आहे.

नातवाशी बोलताना कात्रजच्या चितळांचा उल्लेख कृपया टाळा. हरीण आवडणे आणि हरणाच्या मागावर जावेसे वाटणे या दोन्ही गोष्टी एकाच मुलात असू शकतात. जुन्या प्रेमाची आठवण देऊन त्याला अपराधी वाटायला लावणे सोपे आहे, पण पुढच्या वेळी तो तुम्हाला काही सांगणारच नाही. त्यापेक्षा प्रश्न विचारा. वारा कुठून आहे हे कसे ओळखतोस? दुपारी हरणे कुठे बसतात? परत आल्यावर "किती मोठे होते?" असे न विचारता "तुला कसे वाटले?" असे विचारा आणि तो थांबला तर तुम्हीही थांबा.

यजमानांच्या मौनाबद्दल मी तर्क लढवणार नाही. बापाचे बोट धरून शिकारीला गेलेला तुमच्या घरात आज तेवढा एकच माणूस आहे. नातवाला मनाई करण्यासाठी किंवा शौर्याच्या गोष्टी सांगण्यासाठी नव्हे, तर लहानपणी आपल्याला काय वाटले होते ते सांगण्यासाठी त्यांनी फोन हातात घ्यावा, असे एकदा सुचवून पाहा. नको म्हणाले तर पुन्हा विषय काढू नका.

राहता राहिली शिंगे. वन्यप्राण्याचे अवशेष परवानगीशिवाय भारतात आणता येत नाहीत. विमानतळावर कस्टम्सने अडवले तर पोराच्या देखत नामुष्की होईल. म्हणून बापानेच त्याला आताच समजावून सांगावे आणि त्याऐवजी फोटो पाठवायला सांगावे. तुमच्या दिवाणखान्यातल्या सांबराच्या शिंगांसाठी मालकीचे प्रमाणपत्र सासऱ्यांच्या किंवा यजमानांच्या नावे आहे का, ते कपाटातल्या जुन्या कागदांत शोधा. प्रमाणपत्र असूनही ती विकता येणार नाहीत. प्रमाणपत्र नसेल तर ती कोणाला भेट देऊ नका किंवा परस्पर टाकूनही देऊ नका. २०२२ च्या दुरुस्तीने स्वेच्छेने सरकारजमा करण्याची तरतूद झाली आहे ती मालकीचे प्रमाणपत्र असलेल्या वस्तूंसाठी, म्हणून प्रमाणपत्र नसेल तर काय करायचे याची चौकशी पुण्यातल्या वन विभागाच्या कार्यालयात करा, आणि जाताना यजमानांना बरोबर न्या, कारण ती शिंगे घरात कशी आली हे त्यांनाच सांगावे लागेल.