जंगलाला लागून नवीन वावर घेतलंय, मचाण कुठं बांधावं? सोबत धनुष्यबाण ठेवून एखादं हरीण मारलं तर चालेल का?

हरणाचं आधी सांगतो: नाही चालत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो गुन्हा आहे, वावर स्वतःचं असलं तरी. मचाण फक्त जागलीपुरतं, म्हणजे रात्री पिकाची राखण करण्यापुरतं.

जागा ठरवायच्या आधी सकाळी लवकर धुऱ्यानं (बांधानं) एक फेरी मारा. रोही (नीलगाय) त्याच त्या जागी लेंड्या टाकतो, ढीगच दिसतो. रानडुक्कर घुसतं तिथं काटेरी तारेखालची माती उकरलेली असते, तारेला राठ केस अडकलेले. त्या वाटेच्या डोक्यावर मचाण नको; थोडं बाजूला, वावराच्या आत घ्या, जिथून नाल्याकडची बाजू पूर्ण दिसेल. तूर पेरणार असाल तर उंची आत्ताच धरा. ती डोक्यावर गेली की बुटक्या मचाणावरून नुसते शेंडे दिसतात.

जाणं-येणं गावाकडच्या पांदणीनंच, तेही उजेडात. नाल्यातून शॉर्टकट अजिबात नाही. ताडोबा-टिपेश्वरच्या पट्ट्यात असाल तर वाघही तीच वाट धरतो.

तारेत करंट सोडा म्हणणारे भेटतील, ऐकू नका. त्यात माणसंही मरतात. नुकसान झालंच तर लगेच फोटो काढून वनविभागाकडे अर्ज टाका.