टीममधले दोघं मागे पडतात, त्यातले एक वयाने मोठे. त्यांच्याशी बोलायचं कसं?

तुम्हाला टीम लीड होऊन तीनच महिने झालेत, आठांपैकी दोघं मागे पडतात, आणि साहेब म्हणतात, "एचआरला मेल टाक, मोकळा हो." तुमचं काम कॉम्प्युटरवरचं दिसतंय. माझं भोसरी एमआयडीसीतल्या एका सीएनसी शॉपमधलं, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या मशीनवर लोखंडाचे पार्ट काढायचं. तरी सांगतो, कारण तुमची चूक करायची वेळ अजून यायची आहे, माझी करून झाली आहे.

मेल आत्ताच टाकू नका. आधी त्या माणसाशेजारी बसून त्याचं काम एक अख्खा दिवस बघा.

मी सुपरवायझर झालो तेव्हा ३१ वर्षांचा होतो. शिफ्टला एक ऑपरेटर होते, पंचेचाळिशीचे, सगळे त्यांना मामा म्हणायचे. २० एमएमच्या पिना काढायचे. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, २१ मायक्रॉन; डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा साधारण तिसरा हिस्सा. त्यांचे शिफ्टला चार-पाच पीस रिजेक्ट व्हायचे, ते हळूहळू वीसवर गेले. सकाळी सातच्या मीटिंगला मी सगळ्यांसमोर आकडा वाचून दाखवला आणि वर विचारलं, "मामा, लक्ष कुठं असतं हल्ली?" पोरं हसली. मामा काही बोलले नाहीत.

पुढच्या आठवड्यात रिजेक्शन निम्म्यावर. मी खूश! महिनाअखेरीला स्टोअरवाल्याने मटेरियलचा हिशोब लावला, तर शंभरेक पिनांचा मेळच बसेना. सापडल्या चिप्सच्या, म्हणजे धातूच्या किसाच्या ट्रॉलीत, तळाशी, कूलंटने माखलेल्या. ओरडून मी एवढंच मिळवलं होतं, की खराब पीस मला दिसायचे बंद झाले.

मग मी त्यांच्या मशीनपाशी जाऊन उभा राहिलो. दर पाचवा पीस मोजायचा असतो. मामा मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं हत्यार, लावायचे, मग हात सावकाश लांब न्यायचे, ट्यूबलाइटखाली तिरका धरायचे, परत जवळ आणायचे. शेवटचा मायक्रॉन वाचायला दांड्यावरच्या बारीक रेघांतली कुठली जुळते ते बघावं लागतं. त्या रेघा त्यांना दिसतच नव्हत्या. अंदाजाने मशीनला ऑफसेट, म्हणजे मापाची दुरुस्ती, टाकत होते. चाळिशी लागली होती, आणि सांगायची भीती वाटत होती, की म्हातारा झाला म्हणून उचलून पॅकिंगला टाकतील.

डिजिटल मायक्रोमीटर दिला, चष्मा करायला लावला. दोन आठवड्यांत आकडा पुन्हा चार-पाचवर. माफी मी मागितली, पण चहाच्या टपरीमागे, दोघंच असताना. अपमान चारचौघांत आणि माफी कोपऱ्यात, हे मला अजून बोचतं.

दुसरा एक पोरगा होता. त्याच्याही शेजारी शिफ्टभर उभा राहिलो. त्या दिवशी पीस पूर्ण निघाले, एकही खराब नाही. म्हणजे येत सगळं होतं, मी पाठ फिरवली की मशीन थांबायचं आणि मोबाइल निघायचा. तिथे समजून घेण्यासारखं काही नव्हतं. मग कागदावर ठरवलं: शिफ्टला किती पीस, मशीनवर किती वाजता, दर सोमवारी दहा मिनिटं बसून बघायचं. दोघांच्या सह्या, एक प्रत त्याच्याकडे. तिसऱ्या सोमवारी त्याने राजीनामा दिला. मला वाटलं होतं बाकीचे नाराज होतील. एक जण म्हणाला, "साहेब, वर्षभर त्याचे पीस आम्ही काढतोय, तुम्हाला आत्ता दिसलं होय?"

तर बोलायचं कसं? केबिनमध्ये, एकट्यात. "तुमचा परफॉर्मन्स" अशी सुरुवात केलीत की समोरचा वकील होतो. जे डोळ्यांनी पाहिलंत तेच सांगा: "गेल्या तीन कामांत तपासायचा टप्पा राहून गेला, काय होतंय?" आणि मग गप्प बसा. हे सगळ्यात अवघड. मी मध्येच बोलून त्यांचं उत्तर मीच देऊन टाकायचो, आणि ते मान डोलावून निघून जायचे.

साहेबांनी बेल कर्व्ह, म्हणजे सगळ्यांना ठरलेल्या प्रमाणात वर-मध्ये-खाली बसवायचा तक्ता, काढला, दर वर्षी तळाचे एक-दोन जण दाखवलेच पाहिजेत म्हणाले, तर त्यांना सांगा की मायक्रोसॉफ्टनेसुद्धा ती पद्धत २०१३ मध्ये बंद केली. ऐकतील असं नाही. पण तुमच्याकडे तारीखवार नोंदी असतील तर निदान नाव तुम्ही ठरवाल, तक्ता नाही.

वयाने मोठे आहेत त्यांच्यापासून सुरुवात करा. आणि शेजारी बसाल तेव्हा त्यांच्या स्क्रीनवरची अक्षरं केवढी आहेत आणि ते वाचायला किती पुढे वाकतात, तेही बघून घ्या.